पिचर माणूस बघून, बॅटर जागा बघून

पन्नास हजार डॉलर, दहा माणसं आणि संध्याकाळी सात वाजून पाच मिनिटांची मुदत. डेली फॅन्टसी बेसबॉलचा प्रपंच एवढ्यात आटोपतो. हे पन्नास हजार खरे नसतात, ती फक्त खर्चाची मर्यादा. ड्राफ्टकिंग्ज या कंपनीच्या नेहमीच्या डावात तेवढ्यात दोन पिचर आणि आठ बॅटर बसवायचे: एक कॅचर, पहिल्या, दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसवरचा एकेक, एक शॉर्टस्टॉप, तीन आउटफिल्डर. एका संघातले बॅटर पाचांपेक्षा जास्त चालत नाहीत. त्या रात्री ही माणसं मैदानावर खरोखर जे करतील त्याचे गुण: साध्या हिटला ३, होमरनला १०, धावेला २, बेस चोरला तर ५. फॅनड्युएल या दुसऱ्या कंपनीकडे पिचर एकच आणि मर्यादा ३५,०००, बाकी रीत साधारण तीच. पश्चिम किनाऱ्यावरचा शेवटचा सामना संपला की हिशोब पुरा, आणि दुसऱ्या दिवशी नव्या किमतींनिशी नवा डाव. प्रवेश फी मात्र खऱ्या पैशांत.

मी स्वतः पैसे लावून खेळत नाही. खेळणाऱ्यांना नावं पुरवणं हे माझं काम. न्यू जर्सीतल्या एका लहान कंपनीत आम्ही दुपारी एकपर्यंत त्या रात्रीच्या प्रत्येक खेळाडूचा अंदाजी गुणांचा तक्ता वर्गणीदारांना पाठवतो, सोबत एक टिपण: आज कोणते पिचर, कोणते बॅटर, आणि का. पुण्यात संख्याशास्त्र शिकले, लग्नानंतर इकडे आले, काही वर्षं विमा कंपनीत माणसं किती जगतात याचे तक्ते केले. तिथून इथवरची उडी ऐकणाऱ्याला वाटते तेवढी लांबची नाही. दोन्हीकडे एका माणसाचं सांगता येत नाही, हजारांचं सांगता येतं. विम्यात हजारांचं सांगितलं की भागतं. इथलं गिऱ्हाईक म्हणतं, ते सगळं ठीक आहे हो, पण आज रात्री कोण?

क्रिकेटवर पोसलेल्या डोक्याला इथे पहिली ठेच लागते ती भरवशाच्या बाबतीत. आपला भरवसा फलंदाजावर. तेंडुलकर क्रीझवर आहे तोवर टीव्ही बंद करायचा नाही, असं घराघरांत होतं. गोलंदाजाचा काय, एखादा दिवस असतो, एखादा नसतो. फलंदाज बाद होईपर्यंत खेळू शकतो, त्यामुळे ज्याच्या अंगात खेळ आहे त्याला तो दाखवायला वेळ मिळतो. बेसबॉलमध्ये बॅटर कितीही थोर असो, नऊजणांच्या रांगेत त्याची पाळी येणार रात्रीत चारदा, फार तर पाचदा. २०२४ साली अख्ख्या मेजर लीगची बॅटिंग सरासरी .२४३ होती. ज्याची .३०० तो तारा. आता या ताऱ्याचा हिशोब करा: चार वेळा बॅट हातात घेतली, तर चारही वेळा रिकाम्या हाती परतण्याची शक्यता जवळपास चारात एक. म्हणजे सहा हजार मोजून घेतलेला हुकमी माणूस आठवड्यातून एक-दोनदा शून्यावर जाणारच, आणि त्यात त्याचं काही चुकलेलं नसतं.

सुरुवातीचा पिचर त्याच रात्री वीस-पंचवीस बॅटरना तोंड देतो. संख्या वाढली की नशिबाची वळवळ कमी होते, हे संख्याशास्त्राच्या पहिल्या वर्षाचं ज्ञान. त्यामुळे एका रात्रीपुरतं बोलायचं तर पिचरबद्दल काहीतरी सांगता येतं आणि बॅटरबद्दल जवळजवळ काहीच नाही. या धंद्यात शिरल्यावर माझ्या मनात एक रीत पक्की झाली. पिचर निवडायचा तो माणूस बघून. बॅटर निवडताना माणूस विसरायचा आणि तो कुठे उभा आहे तेवढं बघायचं.

पिचरमध्ये बघायचं काय, तर स्ट्राइकआउट, म्हणजे चेंडू मैदानात जाऊच न देता बॅटरला बाद करणं. व्होरोस मॅक्रॅकेन यांनी २००१ साली असं मांडलं, की चेंडू एकदा बॅटला लागून मैदानात पडला, की त्याचं पुढे काय होतं यावर पिचरचा ताबा फारच थोडा. स्ट्राइकआउट, वॉक आणि होमरन हे त्याच्या हातातलं; उरलेलं क्षेत्ररक्षकांचं, मैदानाचं आणि दैवाचं. तेव्हा बेसबॉलवाल्यांनी यावर बराच वाद घातला. आज आमच्या धंद्यात ते पाढ्यासारखं झालंय. ड्राफ्टकिंग्जच्या गुणपद्धतीतही ते बसतं: स्ट्राइकआउटला २, शिवाय तो एक आउट असल्यामुळे इनिंगचे पाऊण, म्हणजे पावणेतीन. दिलेल्या प्रत्येक धावेला उणे २. दहा स्ट्राइकआउट घेऊन चार धावा देणारा पिचर पेपरात ‘खराब सुरुवात’ म्हणून छापून येतो आणि माझ्या तक्त्यात हसत बसलेला असतो.

अटलांटाचा स्पेन्सर स्ट्रायडर २०२३ साली असाच होता. २८१ स्ट्राइकआउट, सगळ्या लीगमध्ये सर्वाधिक; २० विजय; आणि नऊ इनिंगमागे दिलेल्या धावांची सरासरी ३.८६. या शेवटच्या आकड्याकडे बघून वर्गणीदार लिहायचे की एवढा महाग का, याच्याहून स्वस्तात याच्याहून कमी धावा देणारे पाच आहेत. होते ना. पण ते पाच बॅटरला चेंडू मारू देऊन क्षेत्ररक्षकांच्या जिवावर जगणारे होते, आणि क्षेत्ररक्षकांचे गुण पिचरच्या खात्यात किती दिवस पडतील याची हमी कोण देणार? स्ट्रायडरचे गुण त्याच्या स्वतःच्या मनगटातून यायचे.

माणूस ठरला की समोरचा संघ बघायचा. काही संघ मुळातच जोरात बॅट फिरवून हुकणारे असतात, काही चिवट. मग व्यवस्थापक त्याला किती चेंडू टाकू देईल हा प्रश्न. पूर्वी चांगला पिचर सात-आठ इनिंग टाकायचा. आता तेच बॅटर तिसऱ्यांदा समोर यायला लागले की त्याला उचलतात, कारण तिसऱ्या खेपेला ते त्याला जास्त ओळखून मारतात हे सगळ्यांच्या तक्त्यांत दिसतं. सुरुवातीच्या पिचरला विजयाचं श्रेय हवं तर किमान पाच इनिंग टाकाव्या लागतात आणि त्या विजयाला ४ गुण असतात, म्हणून साडेचार इनिंगला हात दाखवून बाहेर बोलावणारा व्यवस्थापक आमच्या ऑफिसात शिव्या खातो. मे २०१८ मध्ये टॅम्पा बेने सर्हियो रोमो या शेवटाला येणाऱ्या पिचरला चक्क सुरुवातीला पाठवलं, एका इनिंगपुरतं. ‘ओपनर’ हा प्रकार तिथून फोफावला. यादीत ‘आजचा पिचर’ म्हणून छापलेलं नाव खरंच पिचर आहे की नुसता दार उघडणारा, हे तेव्हापासून रोज तपासावं लागतं.

बॅटरकडे येताना मात्र मी आधी हवामान उघडते. मग मैदान, मग समोरचा पिचर उजवा की डावा, मग क्रमांक. नाव सगळ्यात शेवटी. बाहेरच्याला हे विचित्र वाटतं.

डेन्व्हरचं कूर्स फील्ड घ्या. १९९५ पासून तिथे सामने होतात. मैदान समुद्रसपाटीपासून सुमारे ५,२०० फुटांवर. वरच्या मजल्यावर एक जांभळ्या खुर्च्यांची रांग बरोबर एक मैल उंचीची खूण म्हणून ठेवली आहे. हवा विरळ, त्यामुळे मारलेला चेंडू लांब जातो एवढं सगळ्यांना ठाऊक असतं. त्याच विरळ हवेमुळे पिचरचा कर्व्हबॉल नीट वळत नाही, आणि होमरन आवरायला म्हणून आउटफिल्ड एवढं मोठं केलंय की त्या मोकळ्या जागेत साधे हिट आणि दोन-दोन बेसचे हिटही जास्त पडतात. २००२ पासून तिथे चेंडू दमट कपाटात ठेवतात, म्हणजे ते जरा जड आणि मऊ राहावेत. त्याने थोडा फरक पडला, तरी बॅटरचं माहेर ते अजून तेच. तिथे पाहुणा आलेल्या संघातला सातव्या क्रमांकाचा कोणीतरी, ज्याचं नाव त्याच्या शहरातसुद्धा पाचांतल्या दोघांना माहीत असेल, तो त्या रात्री माझ्या यादीत मोठमोठ्या नावांच्या वर असतो. पाहुणा मुद्दाम म्हटलं. यजमान संघ पुढे असला तर नवव्या इनिंगचा खालचा अर्धा खेळतच नाहीत, म्हणजे त्याच्या बॅटरच्या तीन-चार पाळ्या बुडतात. पाहुण्याला नऊच्या नऊ मिळतात.

शिकागोचं रिग्ली फील्ड याच्याहून मजेशीर. मिशिगन सरोवर जवळच. वारा सरोवरावरून आत येत असला की उंच मारलेले चेंडू भिंतीच्या आधीच थकून हातात पडतात. तोच वारा बाहेर वाहायला लागला की पोराटोरांचे होमरन होतात. एप्रिलमध्ये तिथे मी पिचर शोधते, जुलैमध्ये बॅटर. सट्टा घेणारेसुद्धा रिग्लीच्या सामन्यात एकूण किती धावा होतील याचा आकडा वारा कळल्याशिवाय लावायला कचरतात. तो आकडा आम्हीही वापरतो, लपवण्यात अर्थ नाही. त्यांनी एकूण ९ धावा म्हटल्या आणि एका संघाला वरचढ धरलं, की त्या संघाच्या वाट्याला पाचेक धावा येतात. कुठल्याही खेळाडूच्या फॉर्मबद्दलच्या चार परिच्छेदांपेक्षा हा ‘पाचेक’ जास्त बोलतो.

क्रमांकाचंही तसंच. पहिल्या आणि नवव्या क्रमांकाच्या बॅटरमध्ये पूर्ण हंगामात शंभराहून जास्त पाळ्यांचा फरक पडतो. साधारण खेळाडू दुसऱ्या क्रमांकावर चढवला गेला की तो त्या दिवशी साधारण राहत नाही. आणि शेजार. पुढचे दोघे बेसवर असताना कोणी होमरन मारला, तर मारणाऱ्याला १० अधिक तीन धावा आणल्याचे ६ अधिक स्वतःच्या धावेचे २, असे १८. आणि ते दोघेही आपापले २ घेऊन जातात. म्हणून मोठ्या स्पर्धेत एकाच संघातले लागून-लागून चार-पाच बॅटर घेतात. एकाचं भलं झालं तर सगळ्यांचं व्हावं, बुडाले तर सगळे एकदम बुडावेत. बक्षीस वरच्या मूठभरांनाच मिळत असेल तर सुरक्षित मधलं स्थान घेऊन करायचं काय?

पाऊस हा या कामातला सगळ्यात खरा भाग. उन्हाळ्यात पूर्व किनाऱ्यावर संध्याकाळची वादळं ठरलेली. सामना रद्द झाला तर त्यातल्या सगळ्यांना शून्य. त्याहून वाईट म्हणजे सामना सुरू होऊन दुसऱ्या इनिंगनंतर तास-दीड तास थांबणं. खेळ पुन्हा सुरू होतो, पण गार पडलेल्या खांद्याने पिचर परत येत नाही, आणि दहा हजारांचा माणूस दोन इनिंगमध्ये संपतो. साडेचारनंतर मी खेळाडूंपेक्षा रडारचं चित्रच जास्त बघत असते. त्याच सुमाराला प्रत्यक्ष खेळणाऱ्यांच्या याद्या येतात, आणि रात्रीच्या सामन्यानंतर दुसऱ्या दिवशी दुपारचा सामना असेल तर कॅचरला विश्रांती दिलेली असते, हे माहीत असूनही दर रविवारी कोणी ना कोणी विचारतंच की आमचा कॅचर कुठे गेला.

हे सगळं मी टिपणात लिहायची, आणि वरिष्ठ म्हणायचे, वाचकाला वारा नको आहे, गोष्ट हवी आहे. गोष्ट म्हणजे: हा बॅटर या पिचरविरुद्ध आजवर तेरापैकी सहा वेळा हिट घेऊन गेलाय. या ‘तेरापैकी सहा’चा मला मनस्वी कंटाळा आहे. तेरा पाळ्या त्याही तीन-चार हंगामांत विखुरलेल्या. त्यातल्या अर्ध्या पिचरचा खांदा दुखत होता तेव्हाच्या, दोन दुसऱ्याच मैदानावरच्या. त्यातून काहीही निघत नाही. पण वाचकाला ते पटतं, कारण त्यात दोन माणसं एकमेकांसमोर उभी आहेत. क्रिकेटच्या समालोचनातही ‘याने त्याला चारदा बाद केलंय’ हे वाक्य मरत नाही ते त्यामुळेच. शेवटी आमच्यात असा तह झाला की त्या आकड्यांचा रकाना तक्त्यात राहील, पण अंदाज काढताना त्याला वजन शून्य. वर्गणीदारांपैकी कोणाला तो रकाना शोभेचा आहे असं वाटलेलं मी ऐकलेलं नाही.

माझ्या शेजारच्या टेबलावर पिट्सबर्गचा एक गृहस्थ बसतो, जन्माचा पायरेट्सचा भक्त. त्याला पायरेट्सच्या विरुद्ध पिचर सुचवावा लागला की तो टिपण मला लिहायला देतो. मी एकदा त्याला म्हटलं, तुमचा संघ स्ट्राइकआउट फार देतो, त्याला मी काय करू? तो म्हणाला, तुला बेसबॉल कळतो, पण तो तुझा नाही. बरोबर आहे. माझा नाही म्हणूनच बहुधा मला माणूस विसरून जागा बघता येते.

या कामाची खरी गुंतागुंत मात्र निवड चांगली झाल्यावरच सुरू होते. शंभरातल्या पन्नासांना जवळपास दुप्पट पैसे देणाऱ्या साध्या डावात चांगला खेळाडू तो चांगलाच. मोठ्या स्पर्धेत तो आणखी किती जणांनी घेतलाय याला महत्त्व. सगळ्यांकडे असलेला बॅटर होमरन मारून कोणालाच पुढे नेत नाही. तेव्हा आम्ही सकाळपासून खपून एखादा दडलेला माणूस शोधतो: स्वस्त, आज बहुधा दुसऱ्या क्रमांकावर, वारा पाठीशी, समोर डावखुरा दमलेला पिचर. एक वाजता त्याचं नाव वर्गणीदारांना जातं. पाच वाजेपर्यंत तो दडलेला राहत नाही. आमच्यासारख्या इतर कंपन्यांनीही तेच आकडे बघून तेच नाव दिलेलं असतं, आणि मुदत संपून याद्या उघडल्या की दिसतं, चाळीस टक्के लोकांकडे तो आहे. ज्या कारणासाठी तो घ्यायचा होता ते कारण आम्हीच पैसे घेऊन वाटून टाकलेलं असतं. यावर उपाय म्हणून काही जण मुद्दाम दुसरं नाव छापतात अशी कुजबुज या धंद्यात असते. आमच्याकडे तसं होत नाही. पण तक्ता एवढ्या आकड्यांनी भरलेला असतो, की एखादं नाव त्यात मोठ्या अक्षरांत न लिहिणं हाही एक निर्णय असतो, आणि तो मी घेते.

तसाही हा खेळ बहुतेकांसाठी तोट्याचाच. प्रवेश फीमधून डाव चालवणारी कंपनी आपला दहा-पंधरा टक्के वाटा आधीच काढते. २०१५ साली स्पोर्ट्स बिझनेस जर्नलमध्ये एक पाहणी आली होती: त्या वर्षीच्या बेसबॉल हंगामाच्या पहिल्या अर्ध्यात पैसे लावून खेळणाऱ्यांनी मिळवलेल्या नफ्यातला ९१ टक्के अवघ्या १.३ टक्के लोकांच्या खिशात गेला. हे लोक एका स्पर्धेत दीडशेपर्यंत लाइनअप उतरवतात, त्याही संगणकाने जुळवलेल्या. आमचा वर्गणीदार ऑफिसातून घरी येताना गाडीत बसून एक लाइनअप लावतो. त्याला मी जे देते ते जिंकण्यासाठी पुरतं का? क्वचितच. हरण्याचा वेग थोडा कमी होतो एवढं मी प्रामाणिकपणे सांगू शकते, आणि त्याला संध्याकाळी तीन तास बघायला काहीतरी मिळतं.

भारतातल्या नातेवाइकांना मी काय करते हे समजावणं एके काळी सोपं होतं. ‘ड्रीम इलेव्हन, पण बेसबॉलचं’ म्हटलं की पुरे. शंभर क्रेडिट, अकरा खेळाडू, कप्तानाला दुप्पट गुण. माझ्या चुलतभावाला माझ्याहून जास्त माहिती. मुंबई उच्च न्यायालयाने २०१९ साली ड्रीम इलेव्हनला कौशल्याचा खेळ म्हटलं तेव्हा त्याने मला अभिनंदनाचा निरोप पाठवला होता, जणू मीच खटला लढवला. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने ऑनलाइन पैशांच्या खेळांवर कायदा करून ते सगळं बंद केलं. इथे मात्र २००६ च्या संघीय कायद्याने फॅन्टसी खेळांना वेगळं काढून ठेवलंय आणि पुढचं राज्याराज्यावर सोपवलंय. आता तोच चुलतभाऊ विचारतो, मग तू जे करतेस ते कौशल्य का जुगार? मी म्हणते पिचरपुरतं कौशल्य. त्याला वाटतं मी टाळते.

१९ सप्टेंबर २०२४ च्या मायामीतल्या सामन्याबद्दल कोणी ना कोणी मला अजून डिवचतं. डॉजर्सचा शोहेई ओहतानी सहापैकी सहा. तीन होमरन, दोन डबल, एक साधा हिट, दोन चोरलेले बेस, दहा धावा आणल्या. एकाच हंगामात पन्नास होमरन आणि पन्नास बेस हा टप्पा त्याच दिवशी, इतिहासात पहिल्यांदा. ड्राफ्टकिंग्जच्या हिशोबाने त्याने स्वतः काढलेल्या धावा न धरताही ७३ गुण; चांगल्या पिचरला चांगल्या रात्री तीस मिळाले तर आम्ही खूश असतो. आणि मैदान? माझ्या तक्त्यात होमरनला न मानवणारं. किंमत सगळ्यात वरची. जागा बघून निवडणाऱ्या कोणीही त्या दिवशी त्याच्यावरून बोट पुढे सरकवलं असतं. पिट्सबर्गवाला म्हणाला, आता सांग, माणूस की जागा? मी त्याला दाखवलं की शेवटचा होमरन २०-४ अशा हरलेल्या सामन्यात मायामीने पिचर वाचवण्यासाठी उभ्या केलेल्या एका इनफिल्डरच्या चेंडूवर होता. तोही जागेचाच भाग, म्हटलं. तो काही बोलला नाही, पण मलाही माहीत होतं की आधीचे दोन तसे नव्हते.

ऑक्टोबर आला की माझी रीत नेमकी उलटी फिरते. रोजचे पंधरा सामने दोन-तीनवर येतात, मैदानं ठरलेली, वारा ठरलेला, सगळ्यांकडे तेच बॅटर. आणि ज्याच्यावर भरवसा ठेवायचा तो पिचरच बेभरवशाचा होतो, कारण हातात मोजकेच सामने असताना व्यवस्थापक कोणाची वाट बघत नाहीत. २०२० च्या वर्ल्ड सिरीजच्या सहाव्या सामन्यात टॅम्पा बेचा ब्लेक स्नेल ७३ चेंडूंत ९ स्ट्राइकआउट घेऊन उभा होता, संघ पुढे होता, तरी सहाव्या इनिंगमध्ये पहिल्याच हिटनंतर व्यवस्थापक केविन कॅशने त्याला काढलं. डॉजर्सनी तिथून सामना फिरवला आणि मालिका जिंकली. लोक अजून त्यावर भांडतात की बरोबर की चूक. आम्हाला त्याच्याशी देणंघेणं नव्हतं. आमच्या तक्त्यातल्या पिचरचे विजयाचे ४ गुण गेले आणि पुढचे तीन-चार स्ट्राइकआउटही. तेव्हापासून ऑक्टोबरात मी प्रत्येक पिचरच्या नावापुढे व्यवस्थापकाचं नाव लिहिते. कोण किती घाबरट आहे, त्याची माझी स्वतःची यादी आहे. ती वर्गणीदारांना जात नाही.

हंगाम संपला की कंपनी आम्हाला अमेरिकन फुटबॉलच्या टेबलावर बसवते. पगार तोच, गिऱ्हाईकं कितीतरी जास्त, वेळही सोयीची. मला तिथे करमत नाही. तिथली मैदानं सगळी एकाच मापाची असतात.